चुना टाकूनही सामू परत का घसरतो? आम्लधर्मी जमीन आणि पाण्याचं समस्या निवारण

तक्रार ठरलेली असते. माती परीक्षणाच्या अहवालात सामू (पीएच, सातच्या खाली गेला की आम्लधर्मी) 5.1 आला, कुणीतरी सांगितलं म्हणून चुना टाकला, पुढच्या वर्षी 5.6 झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी परत 5.2. दुसरी तक्रार विहिरीची. पाणी काचेसारखं स्वच्छ, पण बेसिनवर निळसर-हिरवे डाग पडतात, जीआय पाईपला काही वर्षांतच छिद्रं पडतात, पितळी कॉक हातात तुटून येतो. टाकीत चुना सोडला की महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तिसरी खाडीलगतची: कोळंबीसाठी तलाव खणला, उन्हाळाभर सगळं ठीक, आणि पहिल्या दोन-चार जोरदार सरींनंतर पाण्याचा सामू एकदम चारवर.

तिघांनाही दुकानात एकच गोष्ट मिळते, चुन्याची गोणी. पण तिन्ही ठिकाणी आम्ल वेगळ्या वाटेनं येतं. पहिल्या ठिकाणी ते मातीच्या कणांना चिकटलेलं असतं आणि त्यात दरवर्षी खताची भर पडते. दुसरीकडे ते पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं असतं. तिसरीकडे मातीतल्या पायराइटला (लोह आणि गंधकाच्या खनिजाला) हवा लागली की ते तिथंच तयार होतं, आणि हवा लागत राहील तोवर तयार होतच राहतं. हे ओळखल्याशिवाय गोण्या ओतल्या तर सामू परत घसरणारच.

आधी आकड्यावर विश्वास ठेवावा का ते बघा

मीटर 4 आणि 7 च्या बफरवर (सामू ठरलेल्या द्रावणावर) लावून घेतलाय का? माती आणि पाण्याचं प्रमाण दोन्ही वेळा 1:2.5 होतं का? नमुना त्याच खोलीचा, त्याच महिन्यातला होता का? यातलं एक जरी हुकलं तरी अर्ध्या-पाऊण अंकाचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यावर लोक ‘चुना लागू पडला’ किंवा ‘फुकट गेला’ असं ठरवून टाकतात. विहिरीच्या मऊ पाण्यावर तर रंगपट्टीच्या कागदाचा भरवसाच धरू नका. अशा पाण्यात क्षार इतके कमी असतात की पट्टीतला रंगच पाण्याचा सामू हलवतो.

भाताच्या खाचराची गंमत वेगळीच. पाणी भरून ठेवलं की मातीतली हवा संपते, लोहाची ऑक्साइडं, म्हणजे गंजासारखी संयुगं, विरघळायला लागतात आणि त्या क्रियेत आम्ल खर्च होतं. काही आठवड्यांत तीच 5.2 ची माती आपोआप साडेसहा-सातकडे सरकते. पाणी काढून जमीन सुकली की परत खाली. ऑगस्टचा अहवाल आणि मेचा अहवाल शेजारी ठेवून चुन्याचा हिशेब मांडणाऱ्याला काहीच कळणार नाही. खाचराला चुना हवा की नको हे नंतरच्या कडधान्यासाठी ठरवायचं; भात आपलं बघून घेतो.

आणखी एक. रायगडच्या खारभूमीत पीक जळालं म्हणून चुना टाकणारे भेटतात. तिथलं दुखणं मिठाचं आहे, सामू बहुतेक ठिकाणी सातच्या आसपास किंवा वरच असतो. अहवालात क्षारता किती आहे ते आधी वाचा. मीठ धुवायला गोडं पाणी, चर आणि धड चालणारी उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) लागते. चुन्यानं तिथं काही साधत नाही.

जांभी जमीन: मात्रा कमी पडते

दक्षिण कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. कणांवरच्या त्यांच्या रिकाम्या जागा ॲल्युमिनियम आणि हायड्रोजन घेतात. मीटर दाखवतो ते फक्त पाण्यात मोकळं असलेलं आम्ल, म्हणजे खिशातली चिल्लर. बँकेतली ठेव मातीच्या कणांवर असते. चुना टाकला की चिल्लर संपते, सामू वर दिसतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत ठेवीतून परत भर पडते. पहिल्या वर्षी 5.6 आणि नंतर 5.2 यामागचं हे सगळ्यात साधं कारण.

म्हणून प्रयोगशाळेत नुसता सामू मागू नका. ‘चुन्याची गरज’ ही चाचणी वेगळी करून मागा. त्यात माती एका ठरावीक बफर द्रावणात घालून तो बफर किती खाली येतो ते मोजतात, म्हणजे साठलेल्या आम्लाचाही अंदाज येतो. ती होत नसेल तर विनिमयक्षम ॲल्युमिनियम, म्हणजे कणांना चिकटलेलं ॲल्युमिनियम, तरी मोजून घ्या; अहवालात ते सेंटीमोल प्रति किलो या एककात येतं. त्याचा हिशेब तोंडी करता येतो. एक हेक्टरवरची 15 सेंटीमीटर माती साधारण 20 लाख किलो भरते. त्यात एका सेंटीमोल प्रति किलो आम्लाला शुद्ध चुनखडी लागते बरोबर एक टन. प्रत्यक्षात चुना सगळा आम्लापर्यंत पोचत नाही आणि इतरही आम्ल असतं, म्हणून ॲल्युमिनियमच्या आकड्याला दीडनं गुणतात.

समजा ॲल्युमिनियम 1.2 आलं. दीडनं गुणून 1.8 टन. बाजारातल्या चुनखडीच्या पुडीची ताकद शुद्ध चुनखडीच्या 80 टक्के धरली तर हेक्टरी सव्वादोन टन, म्हणजे एकरी सुमारे 900 किलो. आता आठवा, तुम्ही एकरी किती टाकला होता. बहुतेकांचं उत्तर ‘दोन गोण्या’ असं असतं.

आंब्याच्या कलमाला आळ्यापुरता हिशेब हवा असेल तर दर चौरस मीटरला एका सेंटीमोलमागे 100 ग्रॅम धरा. दीड मीटर त्रिज्येचं आळं सात चौरस मीटर भरतं. वरच्या उदाहरणातल्या मातीला तिथं सुमारे दीड किलो पूड लागेल. एकदम सगळी बुंध्याशी ओतायची नाही. पसरून वरच्या थरात मिसळायची.

पूड कसली, यानं आकडे बदलतात. चुनखडीची ताकद 100 धरली तर डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा दगड) 109, विरवलेला चुना 135 आणि कळीचा चुना 179. कोकणातल्या धुपलेल्या जमिनीत मॅग्नेशियमही कमी असतं, त्यामुळे जमिनीसाठी मी डोलोमाइटची पूडच सुचवतो. सावकाश लागू पडते, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही देते. कळीचा चुना झपाट्यानं काम करतो, मात्र डोळ्यांत गेला तर डोळा जातो, आणि ओल्या मातीत त्याचे खडे बसले तर वरून कवच धरून आत तसेच राहतात. कुठलीही पूड घ्या, ती बारीक असली पाहिजे. पाव मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारा भागच पहिल्या वर्षी पुरता कामाला येतो. दोन मिलिमीटरच्या वरचे खडे जमिनीत नुसते पडून राहतात. स्वस्त मिळाली म्हणून आणलेली रवाळ पूड हे अपयशाचं दुसरं मोठं कारण, आणि ते कुठल्याच अहवालात दिसत नाही.

वेळही सांभाळा. उतारावर मे अखेरीस भुरभुरलेला चुना पहिल्या पावसात पऱ्ह्यात (ओढ्यात) जातो. पावसाळा सरताना, जमिनीत ओल असताना टाकून मिसळलेला चुना जास्त टिकतो. आणि सामू सातवर नेण्याचा हट्ट नको. साडेपाचच्या वर ॲल्युमिनियमचा त्रास जवळजवळ संपतो. आंबा-काजूला तेवढं पुरे. त्याच्या पुढे ढकलत राहिलात तर जस्त आणि बोरॉन पिकाला मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात, आणि मग त्यावर वेगळी औषधं सुरू होतात.

खतानं चुना खाल्ला का?

अमोनियम सल्फेट 100 किलो टाकलं तर त्यातून होणारं आम्ल मारायला सुमारे 110 किलो चुनखडी लागते. युरियाला 100 किलोमागे सुमारे 80 किलो. म्हणजे दरवर्षी एकरी दोन गोण्या अमोनियम सल्फेट आणि दोन गोण्या चुना टाकणाऱ्याची जमीन होती तिथंच राहते, फार तर जराशी खाली. यात अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा हात असतो. नायट्रेट पिकानं उचललं तर थोडं आम्ल परत जिरतं, पण कोकणच्या पावसात ते कॅल्शियमला सोबत घेऊन खाली निघून जातं.

उपाय सोपा आहे. अमोनियम सल्फेट बंद करा, नत्र हप्त्यांनी द्या, शेणखत-पालापाचोळा वाढवा आणि उरलेल्या खताच्या आम्लाएवढा चुना वार्षिक खर्चात धरा. चुना आणि युरिया किंवा अमोनियाचं खत एकाच दिवशी एकत्र मात्र टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या.

वरची 15 सेंटीमीटर माती सुधारली आणि मुळं तरी खाली जात नाहीत, असं असेल तर खालचा थर आम्लधर्मी आहे. चुना तिथवर उतरायला वर्षं लागतात. अशा ठिकाणी जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) उपयोगी पडतं. त्यानं सामू वाढत नाही, पण ते विरघळून खाली जातं, कॅल्शियम पोचवतं आणि ॲल्युमिनियमची विषारी धार कमी करतं. ब्राझीलच्या सेराडो पठारावर जांभ्याच्याच जातीच्या जमिनी अशा चुना अधिक जिप्सम पद्धतीनं लागवडीखाली आणल्या आहेत.

विहीर आणि बोअरचं पाणी

भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा सामू 6.5 ते 8.5 हवा, त्यात सूट नाही. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी पाच-सहाच्या घरात सापडणं नवलाचं नाही. मातीत मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, तो कार्बन डायऑक्साइड झिरपणाऱ्या पाण्यात मिसळतो, आणि जांभ्यात चुनखडी नसल्यामुळे त्याला मारणारं वाटेत काही भेटत नाही.

खात्री करायला दोन बादल्या पुरतात. पंपातून ताजं पाणी घ्या, लगेच सामू मोजा. मग उंचावरून एका बादलीतून दुसरीत वीसेक वेळा ओता आणि पुन्हा मोजा. 5.8 चं 6.7-6.8 झालं तर आम्ल बहुतांशी कार्बन डायऑक्साइडचं आहे. काहीच फरक पडला नाही तर खनिज आम्ल आहे, आणि मग वरच्या बाजूला काय आहे ते शोधायचं: जुनी खाण, भराव, कारखान्याचं सांडपाणी किंवा खाडीचा गाळ.

कार्बन डायऑक्साइड असेल तर विहिरीत चुन्याच्या गोण्या सोडू नका. लाखभर लिटरच्या विहिरीत लिटरमागे 40 मिलिग्रॅम वायू असेल तर सगळं पाणी सुधारायला साडेतीन किलोसुद्धा विरवलेला चुना लागत नाही. गोणी ओतली तर तळाशी सामू अकरा-बारावर जातो, आणि उपसा होऊन नवीन झरे आत आले की आठवड्यात मूळ पदावर. पाणी वाहतं आहे, उपायही वाहत्या पाण्यावरच करायला हवा.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो संगमरवरी खड्यांचा फिल्टर. प्लास्टिकच्या ड्रममध्ये किंवा फायबरच्या नळकांड्यात संगमरवराचे बारीक खडे भरायचे, पाणी खालून वर चढवायचं आणि खड्यांच्या सहवासात ते निदान वीस मिनिटं राहील असा वेग ठेवायचा. खडे विरघळतात तसा वायू बायकार्बोनेट होतो, पाण्याला थोडी कठीणता येते आणि त्यामुळे पाईप खाण्याची त्याची खोड मोडते. प्रत्येक मिलिग्रॅम वायूला 2.27 मिलिग्रॅम चुनखडी खर्च होते. वरच्याच पाण्याच्या हजार लिटरमागे 90 ग्रॅम. दिवसाला हजार लिटर वापर असेल तर वर्षाला 33 किलो खडे भरावे लागणार. ‘फिल्टर पहिल्या वर्षी चालला, मग बंद पडला’ असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी झाकण उघडून बघितलेलंच नसतं. आत खडे अर्ध्यावर आलेले असतात.

खडे घेताना फसायला होतं. पांढरी गारगोटी आणि पांढरा संगमरवर दिसायला सारखेच. खड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसला तर घ्या. मकराण्याचा संगमरवर चुनखडीचा असतो, तो चटकन फसफसतो. राजनगरकडचा डोलोमाइटचा, तो जेमतेम बुडबुडे देतो. डोलोमाइट विरघळतो पण फार सावकाश, म्हणून ड्रम मोठा लागतो.

दुसरं बिघाडाचं कारण लोह. मोटर चालू केल्यावर पाणी स्वच्छ येतं आणि बादलीत तासाभरात तांबूस होतं, तेच ते. हे पाणी थेट खड्यांवर सोडलं की काही आठवड्यांत खड्यांवर तांबडा बुळबुळीत लेप बसतो. खडा नखानं खरवडून बघा, आत पांढरा शुभ्र, बाहेर कवच. म्हणजे माल शिल्लक आहे आणि पाण्याला त्याचा स्पर्शच होत नाही. यासाठी क्रम असा ठेवा: आधी पाणी शॉवरसारख्या जाळीतून किंवा पायऱ्यांवरून टाकीत पाडा, मग वाळूचा फिल्टर, शेवटी संगमरवर. आधी हवा देण्याचं कारण असं की लोह बाहेर पडण्याचा वेग सामूवर भयंकर अवलंबून आहे; सामू एका अंकानं कमी असेल तर वेग जवळजवळ शंभरपट मंदावतो. वायू उडवून सामू सातकडे नेला की लोह मुकाट्यानं खाली बसतं. नुसती हवा देऊन थांबलात तर सामूचा आकडा चांगला दिसेल, पण पाण्यात कठीणता नसल्यामुळे ते सिमेंटच्या टाकीतला चुना खातच राहील.

खाडीचा गाळ: इथे चुना हरतो

आता तिसरी तक्रार. तिवरांच्या आणि खाडीच्या जुन्या गाळात समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट, मातीतलं लोह आणि कुजणारा पाला यांपासून पायराइट तयार झालेलं असतं. पाण्याखाली ते निरुपद्रवी. हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं. एक टन मातीत गंधक एक टक्का असेल, सगळं पायराइटच्या रूपात, तर त्यातून होणाऱ्या आम्लाला 31 किलो शुद्ध चुनखडी लागते. ऑस्ट्रेलियात दीडपट सुरक्षा धरून 47 किलो मोजतात. अर्धा मीटर जाडीचा असा थर, घनमीटरला एक टन वजन धरलं तरी, हेक्टरी 235 टन चुना मागतो. इतका चुना कोण टाकणार, आणि चिकट गाळात तो मिसळणार तरी कसा?

ओळखायचं कसं? गिरमिटानं काढलेला गाळ निळसर-करडा, लोण्यासारखा, सडक्या अंड्याचा वास आणि सामू साडेसहा-सात, म्हणजे वरवर अगदी निर्दोष. त्यातली दोन-तीन ग्रॅम माती उष्णता सोसणाऱ्या काचेच्या भांड्यात घ्या आणि तीव्र, 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं घाला. हातमोजे आणि चष्मा लावूनच, आणि पेरॉक्साइडचा स्वतःचा सामू आधी कॉस्टिक सोड्याच्या थेंबांनी पाचच्या आसपास आणून. आधी काहीच होत नाही. मग कडेनं बारीक बुडबुडे, मग फेस वर चढतो, भांडं हाताला चटका देईल इतकं तापतं, वाफेला गंधकाचा उग्र दर्प येतो आणि करडा गाळ बघता बघता तपकिरी होतो. थंड झाल्यावर सामू मोजा. तीनच्या खाली गेला तर पायराइट आहे. पालापाचोळ्याची मातीही फेसाळते, पण तिचा सामू सहसा इतका खाली जात नाही. केमिस्टकडची जखमेवर लावायची सौम्य बाटली या कामाला चालत नाही. पेरॉक्साइड नसेल तर ओलसर ढेकूळ उघड्या पिशवीत दोन-तीन महिने ठेवा, अधूनमधून पाणी शिंपडा आणि सामू बघत राहा. आधीच उघड्या पडलेल्या गाळात फटींतून फिकट पिवळे, गवती रंगाचे डाग दिसले तर चाचणीचीही गरज नाही. ते जॅरोसाइट, आम्ल तयार होऊन गेल्याची खूण.

हे दुखणं जगभरचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये ट्वीड नदीत 1987 साली दुष्काळानंतरच्या मोठ्या पावसानं शेतांतलं आम्ल एकदम नदीत आलं आणि 23 किलोमीटरच्या पट्ट्यात मासे संपले. आपल्या शेजारी केरळात कुट्टनाडच्या काळ्या ‘करी’ जमिनी याच जातीच्या, सामू तीन-चारपर्यंत जातो. तिथले शेतकरी पाणी भरून, काढून आम्ल धुतात आणि शिंपल्यांचा चुना वापरतात. गोव्याच्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या, जमिनी खाऱ्या असून शिवाय आम्लधर्मी. तिथे बांध आणि मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) फळ्यांनी भरती-ओहोटीचं पाणी आतबाहेर सोडण्याची जी जुनी व्यवस्था आहे, तिच्यामुळे गाळ कायमचा सुकत नाही. मानस मोडली की लोकांना खाऱ्या पाण्याचं नुकसान दिसतं. उलट, जमीन कोरडी ठेवून भराव घातला तर होणारं नुकसान उशिरा दिसतं.

अभियंत्यांनी यावर काय केलं त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सिडनीच्या दक्षिणेला शोलहेवन नदीच्या पूरमैदानात आहे. कुरणांतलं पाणी काढायला खोल चर खणले, चरांच्या तोंडाशी भरती अडवणारे झडपांचे दरवाजे बसवले. पाणी उतरलं, पायराइटचा थर उघडा पडला, आणि चरांतून आम्ल, लोह, ॲल्युमिनियम ब्रॉटन क्रीकमध्ये जायला लागलं. वुलंगाँग विद्यापीठाच्या बुद्धिमा इंद्ररत्न यांच्या गटानं तिथे एकामागून एक उपाय बसवले. चरांत बंधारे घालून भूजलाची पातळी थराच्या वर ठेवली. नवीन आम्ल थांबलं, पण जुनं साठलेलं झिरपतच राहिलं. मग दरवाजे दोन्ही बाजूंनी उघडतील असे केले, म्हणजे भरतीचं पाणी आत येऊन आम्ल मारेल. समुद्राच्या घनमीटरभर पाण्यात सुमारे 115 ग्रॅम चुनखडीएवढी आम्ल मारायची ताकद असते, आणि ते फुकट असतं. अडचण एवढीच की सखल कुरणात खारं पाणी चढायची भीती राहते.

तिथं तिसरा उपाय आला: जमिनीखालची झिरपती भिंत. ऑक्टोबर 2006 मध्ये भूजलाच्या वाटेत आडवा चर खणला, 17.7 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद, 3 मीटर खोल, आणि त्यात पाडकामातल्या जुन्या काँक्रीटचे तुकडे भरले. भूजल तीन-चार सामूचं आत शिरतं आणि जवळजवळ उदासीन होऊन बाहेर पडतं; काँक्रीटमधला चुना आणि सिमेंटचे घटक हे काम करतात. वीज लागत नाही, रोजचा डोस नाही, आणि माल टाकाऊ. पण संगमरवराच्या फिल्टरचंच दुखणं इथेही आहे. लोह आणि ॲल्युमिनियम तुकड्यांवर बसून कवच करतं, पोकळ्या हळूहळू बुजतात. म्हणून भिंतीच्या आत आणि दोन्ही बाजूंना नळ्या घालून पाण्याची पातळी आणि सामू बघत राहावं लागतं. वरच्या बाजूला पातळी चढायला लागली तर भिंत बुजतेय. पातळी ठीक पण बाहेरचा सामू उतरतोय तर कवच धरलंय. आपल्याकडे असं करायचं तर तुकडे नुसत्या काँक्रीटचे हवेत. विटा, टाइल्स, प्लास्टर, जिप्समच्या पत्र्यांचे तुकडे बाजूला काढायलाच हवेत.

क्वीन्सलँडमध्ये केर्न्सजवळच्या ईस्ट ट्रिनिटीला 1970 च्या दशकात ऊसशेतीसाठी बांध घालून तिवरांची जागा सुकवली होती. चुन्यानं ती सुधारणं परवडणारं नव्हतं. शेवटी दरवाजे टप्प्याटप्प्यानं उघडून भरती परत आत घेतली आणि येणाऱ्या पाण्यात थोडा विरवलेला चुना मिसळला. गाळ पुन्हा ओला झाला, हवा तुटली, आणि सल्फेट खाणारे जिवाणू आम्ल जिरवायला लागले. तिवरं परत आली.

आपल्या कोळंबीच्या तलावाला यातून काय घ्यायचं? खणण्याआधी दर पन्नास सेंटीमीटरला नमुना घेऊन पेरॉक्साइड लावा. थर खाली असेल तर तलाव उथळ करा, थर उकरू नका. (तिवरं उभी असतील तर प्रश्नच मिटला, तिथे कायद्यानंच हात लावता येत नाही.) आधीच खणून झालं असेल तर खरा गुन्हेगार बहुधा तळ नसून बांध असतो. खणलेला गाळ बांधावर येऊन उन्हाळाभर सुकतो, आणि पहिल्या पावसात त्याच्या उतारावरून आम्ल आत येतं. तळाला चुना मारणारे बांधाकडे बघतही नाहीत. बांधाच्या आतल्या अंगाला चुना, त्यावर खारट जमिनीत तग धरणारं गवत आणि माथ्यावर बाहेरच्या बाजूला उतार, एवढ्यानं बराच फरक पडतो. तळ उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत वाळवायची पद्धत अशा गाळात घातक आहे. वाळवायचंच असेल तर मधूनमधून भरतीचं पाणी घेऊन, ढवळून, भरपूर पाणी असलेल्या मोठ्या भरतीनंतर बाहेर सोडा, म्हणजे ते विरळ होऊन जाईल.

बांधकाम करणाऱ्यांसाठी थोडंसं

भारतीय मानक 456 म्हणतं, काँक्रीट कालवायच्या पाण्याचा सामू सहाच्या खाली नको. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बादलीत हवा देऊन मोजलं तर ते बहुतेक वेळा यात बसतं. पाया पायराइटच्या गाळात असेल तर सामूसोबत सल्फेटही तपासून घ्या, कारण तिथे आम्ल सिमेंट विरघळवतं आणि सल्फेट ते फुगवतं. घट्ट, कमी पाण्याचं काँक्रीट, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट आणि लोखंडावर जाड आवरण, एवढं तरी करायलाच हवं. आणि अशा मातीत रस्त्याची भरणी चुन्यानं पक्की करायला जाऊ नका. चुना, चिकणमातीतलं ॲल्युमिना आणि सल्फेट एकत्र आले की एट्रिंजाइटचे स्फटिक वाढतात आणि बसलेला रस्ता पावसाळ्यानंतर फुगून वर येतो.